मागच्या पायाचा फर्मा

दि. ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बॅगेचं एक चाक तुटलं आणि माझी कंबर धरली, बाकी सगळं शाबूत आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र तुम्ही टेबलाच्या खणात ठेवून देता, आणि मी इथून ओरडले की शेजारच्या खोलीतला भाडेकरू भिंत वाजवतो. तेव्हा पत्रच बरं. निदान तुम्ही ते दोनदा वाचाल आणि तिसऱ्यांदा काकूकडून वाचून घ्याल.

खोली चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. पण जिना असा आहे की तक्रार करायला तोंड उघडत नाही. लाकडी कठडा तळापासून वरपर्यंत एकसंध वळत जातो, सांधा कुठे आहे ते बोटांना कळत नाही. पहिल्या दिवशी सामान खालीच टाकून मी कठड्यावर हात फिरवत दोनदा वरखाली केलं. घरमालकीणबाईंना वाटलं माझं काहीतरी हरवलं. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात जमिनीला षटकोनी फरशी आहे, काळी-पांढरी, मधोमध झिजून दोन्ही रंग एकच झालेत. रोज एक पाव घ्यायला जाते आणि खाली बघत उभी राहते. दुकानदार आता मला बघितलं की आधी स्वतःच्या बुटांकडे बघतो.

कॉलेजने चार महिन्यांची रजा दिली ती इकडे परदेशात येऊन जुन्या इमारती, दिवे, फरशा, खुर्च्या बघून, मोजून, फोटो काढून आण म्हणून. अर्जात मी तसंच लिहिलं होतं. खरं कारण तुम्हाला माहीत आहे. तुमचं ते मासिकातलं पान मी दोन पुठ्ठ्यांत घालून आणलंय. इमारतीचं प्रवेशदालन, मागे रंगीत काच, आणि पुढे ती खुर्ची. खुर्ची समोरून दिसते, मागून दिसत नाही. अडतीस वर्षांपूर्वी तुम्ही या एका चित्रावरून तशी खुर्ची बनवलीत, मागची सगळी बाजू मनाने बसवलीत, आणि तेव्हापासून घरात कुठलीही चर्चा निघाली की ती शेवटी तिथेच येते, की खरी पाठ कशी असेल. तर मी ती खुर्ची शोधणार, उलटी करणार आणि मागून बघून तुम्हाला कळवणार. हे काम मी कॉलेजच्या कामाआधी धरलंय. कॉलेजला सांगू नका.

दादांना नमस्कार. तुमचं ऐकून मीही माझ्या वडिलांना दादाच म्हणायला लागले, ती सवय इथे नडते. परवा घरमालकीणबाईंना घरचं सांगताना मला ऐंशी वर्षांचा मोठा भाऊ आहे असं काहीतरी होऊन बसलं. त्यांनी माझ्याकडे फार आदराने पाहिलं.

काकूला सांगा, स्वेटर उपयोगी पडतोय. तुमचा हात कसा आहे ते लिहा, आणि खरं लिहा.

तुमच्या मायेतली,
भिंगरी

*

दि. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
काकाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. काकूने वाचून दाखवलं आणि स्वेटरचं वाक्य दोनदा वाचलं. कठड्याचं लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. सांधा बोटांना कळला नाही म्हणतेस, तर एकदा ओल्या फडक्याने पूस आणि वाळताना बघ. सांध्याची रेघ सगळ्यात शेवटी वाळते.

हात हलतो. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. पटाशी धरायचं सोडलं. कारखान्याची शेड मेअखेर रिकामी करून द्यायची ठरलं, मालकाला तिथे गाड्या लावायच्या आहेत. मी काही खळखळ केली नाही. दोन महिने झाले, आवराआवर करतोय. हत्यारं दोघा-तिघा कारागिरांना दिली. उरले फर्मे. प्लायवर जाड कागद डकवायचा, त्यावर आखायचं, कापायचं आणि मग जन्मभर त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची, असे सव्वादोनशे फर्मे निघाले. खिळ्यावरून काढताना प्रत्येक वेळी वाटतं हा ठेवू, आणि ठेवायला जागा नाही.

तुझ्या त्या खुर्चीच्या मागच्या पायाचा, जो वर जाऊन पाठीचा खांब होतो त्याचा, फर्मा हाती आला आणि मी एकटाच हसलो. दादाने आयुष्यात एकदाच सुतारकाम केलं त्याचा तो पुरावा. तुला ही गोष्ट पाठ आहे, तरी सांगतो. मी आठवडाभर एका गिऱ्हाइकाकडे दारं बसवायला गेलो होतो. आलो तर दादाने माझ्यासाठी प्लायवर कागद डकवून ठेवलेला. ज्याने कधी खिळा ठोकला नाही, दुकानातून मागे कारखान्यात यायचा तो नाकाला रुमाल लावून, त्याने सरस शिजवून कागद डकवला. आणि डकवला कसा, तर मधोमध हा एवढा फुगवटा. मी म्हटलं असू दे, पहिलीच वेळ आहे. फुगवटा कडेला आला असता तर रेघ वाकडी गेली असती, म्हणून आखताना तो पायाच्या रुंद भागात मधोमध घेतला. त्यामुळे फर्मा लाकडावर सपाट बसत नाही, डाव्या अंगठ्याने तिथे दाबून धरावा लागतो. दोनशेच्या वर खुर्च्या मी अशाच आखल्या. अजूनही दादाला चिडवायचं असलं की मी नुसता अंगठा दाखवतो. तो हसत नाही. दुकानदाराला विनोद कळत नाही, हे मी तुला पूर्वीच सांगितलंय.

पाठ शोधायला निघालीस हे चांगलं केलंस. मी कुणाला बोललो नाही, पण ते मनाला लागून आहे. मासिकात चित्राखाली खुर्ची बनवणाऱ्या कारखान्याचं नाव होतं, त्याला मी पत्र पाठवलं होतं. शाळेतल्या गुरुजींकडून इंग्रजीत लिहून घेतलं, सोबत माझ्या पाठीचं चित्र पाठवलं आणि विचारलं की तुमची खरी पाठ कशी असते, माझं कुठे चुकलं. वर्षभर टपालाची वाट बघितली. उत्तर आलं नाही. तेव्हा समजलो, हसले असतील. त्यानंतर स्वतःच्या मनाने म्हणून काही केलं नाही. लोकांनी जे सांगितलं ते करून दिलं. आणि त्या खुर्चीवर माझा ठसाही कधी मारला नाही. नकलेवर कुणी ठसा मारतं का.

दादा बरा आहे. गुडघा दुखतो, पण टपाल घ्यायला दुकानाच्या पायऱ्या स्वतःच उतरतो, दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. जेवणं वेळेवर कर.

तुझ्यावर जीव असलेला,
काका

*

दि. ६ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बसा. बसलात ना. आता वाचा.

परवा इथून दोन तासांवरच्या एका गावात गेले होते, तिथलं जुनं वाचनालय बघायला. छत उंच, टेबलांवर हिरव्या काचेचे दिवे, आणि दालनभर तुमच्या खुर्च्या. तुमच्या म्हणजे चित्रातल्या. साठ तरी असतील. लोक त्यांच्यावर बसून मुकाट्याने वर्तमानपत्रं वाचत होते आणि मी दारात उभी राहून घाम पुसत होते. एक म्हातारे गृहस्थ उठेपर्यंत थांबले. ते उठले, तशी मी त्यांची खुर्ची उचलली आणि तिथल्या तिथे उलटी केली. ग्रंथपालबाई धावत आल्या. त्यांना वाटलं मी खुर्ची घेऊन पळते. चित्राचं पान दाखवलं, तुमच्याबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत एक खुर्ची आणून दिली आणि स्वतः बॅटरी धरून उभ्या राहिल्या.

काका, पाठ तुमचीच आहे. मागच्या पायाला आतून तिरकी खाच, खाचेत उलटी पाचर, आणि माणूस रेलला की सांधा सैल व्हायच्या ऐवजी आवळतो. मी रेलून बघितलं. ग्रंथपालबाईंनाही रेलायला लावलं. मापसुद्धा एका रेघेचा फरक सोडला तर तेच. तुम्ही न बघता बरोबर ओळखलंत. अडतीस वर्षं उगीच जीवाला लावून घेतलंत. मला तिथे रडू आलं, आणि बाईंनी मला पाणी दिलं.

फोटो सोबत पाठवतेय. भिंग लावून बघा. दादांनाही दाखवा, आणि सांगा की आता तुमच्या भावाला नकलाकार म्हणायची सोय राहिली नाही.

आज मला फार आनंद झालाय, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त नमस्कार.

भिंगरी

*

दि. २० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोटो बघितले. भिंग लावून बघितले, उन्हात नेऊन बघितले. काकू म्हणते आता ते पाठ होतील. दोन रात्री चांगली झोप लागली. निवांत झालो, असं म्हणायला हरकत नाही.

दादाला पत्र वाचून दाखवलं. वाटलं होतं काहीतरी बोलेल, निदान शाबास म्हणेल. त्याने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, चष्मा काढला आणि उठून गेला. रात्री जेवलाही नाही. वय झालं की माणूस हळवा होतो. आता मी त्याला चिडवायचं कमी करणार आहे.

फर्मे ठेवायला जागा नाही, तेव्हा ठरवलं, शेड सोडायच्या आधी सगळे जाळून टाकायचे. कुणाच्या तरी अडगळीत वाळवी लागून जाण्यापेक्षा ते बरं. तो मागच्या पायाचासुद्धा. तोच एक ठेवणार होतो, पण आता खात्री पटली, तर कशाला ठेवायचा.

एक मात्र खटकतंय, आणि तू त्यातली जाणकार आहेस म्हणून विचारतो. ती उलटी पाचर मी हुशारीने केली नव्हती. त्या वेळी मला लाकूड ओलं मिळालं होतं. वाळताना सांधा सुटेल या भीतीने मी पाचर उलटी घातली. अडचणीतून काढलेली वाट होती ती. त्यांच्याकडे तर वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड, ते कशाला असलं काही करतील? चित्रातली खुर्ची मात्र मागून बघितलेली नाहीस तू, वाचनालयातली बघितलीस. जमलं तर तीही बघ. नसेल जमत तर राहू दे.

तुझा,
काका

*

दि. ११ एप्रिल

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुम्हाला आहे. फोनवर विचारायचा धीर झाला नाही. घरी पत्र पाठवलं तरी ते आधी तुमच्याच हातात पडतं, हे मला माहीत होतं, आणि आता त्याचंच वाईट वाटतंय.

काकांच्या शंकेमुळे मी चित्रातली ती इमारत शोधून काढली. रंगीत काच अजून आहे, खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना झालाय. खुर्ची त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे, पेशंट तिच्यावर गाल धरून बसतात. तिची पाठ काकांच्या पाठीसारखी नाही. साधा सांधा आहे, सैल पडलेला, लोखंडी पट्ट्या मारून धरलेला. वाचनालयातल्या खुर्च्या हिच्यानंतर दोन वर्षांनी बनल्या. म्हणजे मधल्या काळात त्यांनी पाठ बदलली. का बदलली, ते शोधत मी कारखान्यापर्यंत गेले.

कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. इमारत उभी आहे. तिथे गाद्या शिवणाऱ्या एक बाई होत्या, त्या आता नव्वदीच्या आहेत आणि कारखान्याची सगळी कागदपत्रं आपल्या दोन खोल्यांत सांभाळून बसल्यात. दोन दिवस त्यांच्याकडे बसून मी फायली काढल्या. त्यात गुरुजींच्या अक्षरातलं काकांचं पत्र सापडलं, पेन्सिलने काढलेलं पाठीचं चित्र सापडलं, आणि त्याला टाचून कारखान्याने पाठवलेल्या उत्तराची नक्कल.

दादा, उत्तर आलं होतं. मुख्य कारागिराने लिहिलंय की तुमची पाठ आमच्यासारखी नाही, आमच्यापेक्षा चांगली आहे. आमच्या खुर्च्यांचे सांधे चार-पाच वर्षांत सुटतात, यावर आम्ही बरीच डोकेफोड केली, ती तुम्ही एका पाचरीत सोडवलीत. ही पाठ आमच्या खुर्चीला लावायची परवानगी द्या. आणि शक्य असेल तर वर्षभर इकडे या. कारखान्याच्या वर एक खोली आहे, राहायची-जेवायची सोय आमची, तिकीट आम्ही पाठवतो. तुमच्यासाठी आमच्या पाठीचं पूर्ण मापाचं चित्र सोबत पाठवतो आहोत, म्हणजे आमचं कुठे चुकलं ते तुम्हाला दिसेल.

त्या बाईंना तो पत्रव्यवहार आठवतो. त्या म्हणाल्या की वरच्या खोलीत पलंग लावून ठेवला होता, सहा महिने तिथे दुसऱ्या कुणाला राहू दिलं नाही. पत्राला उत्तर आलं नाही, तशी वर्षभराने ती पाठ वापरायला सुरुवात केली, पण मुख्य कारागिराला त्याची कायम टोचणी होती. चित्रांच्या वहीत त्या पाठीपुढे त्यांनी जे नाव लिहिलंय, त्याचा आपल्या भाषेत अर्थ होतो, पत्रवाल्याची पाठ. कारखाना बंद होईपर्यंत सगळे तिला तेच म्हणत.

फाईलमध्ये शेवटी टपालाची पोचपावती आहे. चित्राची गुंडाळी मिळाली म्हणून सही केलेली. दादा, ती सही मी माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितली आहे. तिची ती खाली ओढलेली शेपटी मी कुठेही ओळखेन.

मी तुमच्यावर ओरडत नाहीये. ओरडावंसं वाटलं होतं, पण पावती हातात घेतली आणि नुसतं बसून राहावंसं वाटलं. ती गुंडाळी कुठे गेली, तेवढं सांगा. आणि काकांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती चुगली होईल. त्यांना वाटतं ते लोक हसले. अडतीस वर्षं त्यांना तेच वाटतंय.

उत्तराची नक्कल आणि मी केलेलं भाषांतर सोबत ठेवते.

तुमची मुलगी

*

दि. २५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पोस्टमनच्या हातातून घेतानाच मला कळले की हे तेच आहे. गेली अडतीस वर्षे परदेशी तिकीट लावलेले पाकीट दिसले की माझ्या हाताला घाम येतो. दुसऱ्या कुणाला टपाल घेऊ देत नाही ते त्यामुळे. त्यांनी पुन्हा लिहिले तर, ही भीती होती.

तू विचारलेस, तर सगळे लिहितो. आमचे वडील जाऊन चार महिने झाले होते. आई अंथरुणाला खिळलेली. शाळेच्या बाकांचे मोठे काम नुकतेच घेतले होते. दुकानावर पाटी माझ्या नावाची होती, पण हात त्याचे होते. मला रंधा सरळ धरता येत नाही, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक होते. त्याचे लग्न झालेले नव्हते. तो गेला असता तर वर्षाने परत आला नसता, हे मला तेव्हा स्पष्ट दिसले. त्याला इथे बांधून ठेवणारे आमच्याशिवाय काही नव्हते. तू सहा वर्षांची होतीस. मी ते पत्र तीन वेळा वाचले. मला तोडके इंग्रजी येत होते, पण तेवढे कळण्याइतके येत होते.

फाडावे असे मनात आले. फाडवले नाही. जाळायला चुलीपाशी गेलो, तर तुझी आई तिथे होती. मग कारखान्यात गेलो. ते मोठे चित्र जाड कागदावर होते. प्लायवर पालथे डकवले, म्हणजे कोरी बाजू वर आली. पत्राची घडी केली आणि चित्राच्या खाली ठेवली. मनाला असे सांगितले की मी नष्ट काही केले नाही, वस्तू त्याच्याच घरात आहे, बाकांचे काम संपले की स्वतः काढून देईन. बाकांमागून दुसरे काम आले. मग आई गेली. मग त्याचे लग्न ठरले. प्रत्येक वेळी आदल्या वर्षापेक्षा सांगणे कठीण होत गेले.

तो ज्याला फुगवटा म्हणतो ते ते पत्र आहे. माझ्या डोळ्यांदेखत त्याने त्या कागदावर स्वतःची पाठ आखली. खाली त्यांची, वर त्याची. तो लोकांना अंगठा दाखवून हसवायचा, तेव्हा मी काय करत असेन याचा विचार कर. करू नकोस. मला त्याची दया नको आणि तुझीही नको.

तुझे ते वाचनालयाचे पत्र आले, त्या दिवशी तो म्हणाला की आता फर्मा जाळून टाकतो. खरे सांगतो, मला हलके वाटले. वाटले, परस्पर मिटेल. रात्रभर मी स्वतःला हेच समजावत होतो, आणि सकाळी स्वतःची किळस आली.

सांगायला पाहिजे, हे कळते. पण आम्ही दोघे जन्मभर एका पंगतीत जेवत आलो. उद्या मी ताटावर बसलो आणि तो उठून गेला तर मी काय करू, ते तू मला सांग. तूच त्याला लिहावेस, अशी मी हात जोडून विनंती करतो. बाप मुलीपुढे हात जोडतो हे बरे दिसत नाही. तरी जोडतो.

तुझा,
दादा

*

दि. २४ मे

चि. भिंगरीस,
काकाचे अ. उ. आ.

तुझ्या गेल्या महिन्यातल्या दोन्ही पत्रांत नुसती हवापाणी आणि फरशा होत्या. तेव्हाच कळायला हवं होतं की तू काहीतरी दडवतेस. तुला दडवता येत नाही, लहानपणीही येत नव्हतं. दादाला तू काय लिहिलंस आणि त्याने तुला काय लिहिलं, ते सगळं मी वाचलंय. त्याने स्वतः दिलं वाचायला. तू त्याचं ऐकून मला परस्पर लिहिलं नाहीस, हे बरं केलंस.

झालं ते असं. बारा तारखेला शेडच्या मागे फर्म्यांचा ढीग केला. काकू काडेपेटी घेऊन उभी होती, कारण काडी पेटवायला माझा हात धड नाही. तेवढ्यात दादा दुकानातून मागे आला. रुमाल नाही, काठी नाही, गुडघा ओढत आला आणि ढिगात हात घालून फर्मे उपसायला लागला. मी म्हटलं याला वेड लागलं. मागच्या पायाचा फर्मा मिळाला तसा तो छातीशी धरून उभा राहिला आणि बोलायला लागला. मला वाटलं आठवण म्हणून मागतोय, म्हणून मी मान डोलावली आणि घे म्हणालो. त्याने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा घे म्हणालो. यंत्र नव्हतं कानात. मग तो तसाच घरात गेला, टेबलाच्या खणातून यंत्र आणलं, स्वतःच्या हाताने माझ्या कानात घातलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला एक गोष्ट तीनदा कबूल करावी लागली. त्याची मला तेव्हा काही दया आली नाही.

सरस मी शिजवायचो तसलाच होता, गरम फडकं ठेवलं की सुटतो. घरी आणून टेबलावर ठेवला आणि फडकी बदलत बसलो. संध्याकाळपर्यंत कागद सुटला. चित्र पायाच्या आकाराचं उरलंय, बाकीचं मीच कापून टाकलं होतं. त्यांचा सांधा दिसतो. चुकलेला आहे, तू लिहिलंस तसा. पत्राची घडी मात्र जशीच्या तशी निघाली. तिच्या मधोमध खळगा पडलाय. अंगठा ठेवून बघितला, बरोबर बसतो.

भाषांतर दादाने वाचून दाखवलं नाही, काकूने दाखवलं. आमच्यापेक्षा चांगली आहे, या वाक्याशी ती थांबली. मी तिला म्हटलं, पुढे वाच. पलंगाचं आणि वरच्या खोलीचं वाचलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की मला जायचं होतं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. गेला असतात तर आपली गाठ पडली नसती, एवढंच संध्याकाळी म्हणाली. तेही खरं आहे. मी तिला नाही म्हणू शकत नाही आणि मला जायचं नव्हतं असंही म्हणू शकत नाही. दोन्ही खरं आहे आणि त्याला काही इलाज नाही. एकोणचाळीस वर्षांचा असताना हे मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं.

दादाशी अकरा दिवस बोललो नाही. ताटावरून उठलो नाही, ते त्याला सांगायला हवं होतं, पण तेही सांगितलं नाही. तो जेवताना माझ्या ताटाकडे बघायचा आणि मी भराभरा जेवायचो. राग गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही. पण तो खोकला की मी मान वर करतो, ती सवयही जात नाही. काल माझी पहिली खुर्ची, तुझ्या अभ्यासाच्या टेबलाची, ती उलटी केली आणि ठसा काढला. हात हलायला लागला. काकू बाहेर गेलेली. शेवटी दादाला हाक मारून खुर्ची धरायला सांगितली. तेवढंच बोललो. त्याने दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून घेतले, हातोडी त्याच्या बोटांवर बसेल असं वाटलं असावं त्याला. ठसा तिरका बसला. राहू दे.

तू पुढच्या महिन्यात परत येशील. त्याआधी एक काम कर. गाद्या शिवणाऱ्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना विचार की पत्रवाल्याने परवानगी द्यायला उशीर केला तर चालेल का. मग कारखान्याच्या वरच्या त्या खोलीत जाता आलं तर जाऊन ये. पलंग कुठल्या भिंतीला होता आणि खिडकीतून काय दिसतं, तेवढं नीट बघून मला लिही. फोटो नको, तू लिही. मी काही आता येत नाही. पण अडतीस वर्षांपूर्वी सकाळी उठून मी कशाकडे बघितलं असतं, ते माहीत असावं असं वाटतं.

काकूने नवा स्वेटर घातलाय विणायला. दादाने तुला आशीर्वाद सांगितलेत, मी ते लिहून दिले. आमच्या दोघांवरही माया कमी करू नकोस.

तुझा,
काका